दादा, त्या रात्री तुम्ही मला एंटर दाबू दिलं नाहीत

दादा, फोनवर घाईघाईत थँक्यू म्हटलं होतं पण तेवढ्याने माझंच समाधान होईना, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

बाबांचे जुने फोटो मी दोन महिने बसून एकेक करून स्कॅन केले होते, सगळे एकाच एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर, दुसरी कॉपी कुठेच नाही, आणि त्या दिवशी फोल्डर उघडायला गेले तर करप्ट आहे, वाचता येत नाही, एवढाच मेसेज. ज्याला विचारावं तो एकच सांगायचा, विंडोजमधला कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघड, चेकडिस्क (डिस्क तपासून दुरुस्त करणारी कमांड) टाइप कर, मग ड्राइव्हचं अक्षर, पुढे स्लॅश एफ स्लॅश आर, झालं काम. मी टाइपसुद्धा केलं होतं. तेवढ्यात तुम्हाला फोन लावला आणि तुमचा पहिलाच प्रश्न, ताई, डिस्कमधून टकटक आवाज येतोय का? येत होता. मग कीबोर्डवरून हात काढा आधी, म्हणालात.

तुम्ही जे समजावलंत ते मला अजून जसंच्या तसं आठवतं. चेकडिस्कला तुमच्या फोटोंशी देणंघेणं नाही, तिला फक्त हिशेब जुळवायचाय, कुठली फाइल कुठल्या जागेत आहे त्याची वही जुळत नसेल तर ती नोंद खोडूनसुद्धा जुळवते, आणि खोडलेलं परत आणायला अनडू नसतं. नुसतं चेकडिस्क चालवलं तर ती फक्त तपासून सांगते, हात लावत नाही. स्लॅश एफ दिलं की दुरुस्ती सुरू. स्लॅश आरमध्ये एफ येतोच, वर ती पूर्ण डिस्कचा सेक्टर न सेक्टर वाचत बसते, आणि मरायला टेकलेल्या डिस्कला एवढं पळवलं तर ती मध्येच जीव सोडू शकते. हे मला आधी कोणीच सांगितलं नव्हतं, खरंच कोणीच नाही.

मग तुम्ही स्वतः आलात, लिनक्सचा पेनड्राइव्ह लावून डीडी-रेस्क्यू हा बिघडलेल्या डिस्कची कॉपी काढणारा प्रोग्रॅम चालू केलात, जो आधी नीट वाचता येणारा भाग काढून घेतं आणि अडलेल्या जागांकडे नंतर वळतं, आणि कुठपर्यंत आलो याची नोंद ठेवतं म्हणून मध्ये थांबलं तरी तिथूनच पुढे चालू करता येतं. रात्रभर चाललं ते. मी दर दहा मिनिटांनी विचारत होते आणि तुम्ही एकदासुद्धा वैतागला नाहीत. सकाळी पूर्ण कॉपी दुसऱ्या डिस्कवर आली तेव्हा कुठे तुम्ही चेकडिस्क स्लॅश एफ चालवलंत, तेही त्या कॉपीवर, मूळ डिस्कला हात न लावता.

बरेचसे फोटो जागच्या जागी मिळाले. पण काही नव्हतेच, आणि मला रडू फुटलं होतं तेव्हा तुम्ही लपवलेल्या फाइल्स दाखवायचं सेटिंग चालू करून फाउंड डॉट ००० नावाचं फोल्डर उघडलंत. चेकडिस्कला ज्या तुकड्यांचे मालक सापडत नाहीत ते ती तिथे टाकते, नावं गेलेली, नुसते नंबर आणि मागे डॉट सीएचके. तुम्ही एकेक फाइल हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलमधले कच्चे आकडे दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उघडून सुरुवात एफएफ डी८ ने होतेय का बघत होतात, असली की जेपेग, म्हणजे फोटोच, लगेच एक्स्टेन्शन बदलायचं. असे ४० च्या वर फोटो निघाले दादा. काही अर्धे राखाडी आलेत पण चेहरे ओळखू येतात, मला तेवढं पुष्कळ आहे.

मूळ डिस्क तीन आठवड्यांनी पार बंद पडली, आता लावली तर फिरतसुद्धा नाही.

फोटो आता दोन वेगळ्या डिस्कवर आहेत. त्या फोल्डरमधून निघालेला बाबांचा सायकलवरचा फोटो प्रिंट करून घेतलाय, एक प्रत तुमच्यासाठी ठेवलीये. कधी येताय न्यायला?