मंडळीला आपल्या घरी येऊ द्या

ति. बाबा आणि ति. सौ. आई यांना,
प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

परवा आईकडून कळले की पावसाळा सुरू झाल्यापासून तुम्हा दोघांनाही उपासनेला जाता आलेले नाही, आणि तरीही आपल्या चर्चच्या नव्या पाळकसाहेबांचा फोन आला तेव्हा ‘आमचे बरे आहे, आमच्यासाठी वेळ घालवू नका’ असे सांगून बाबांनी तो ठेवला. त्या वेळी मी काही बोलले नाही, कारण बाबांपुढे हा विषय काढायचा तर तो शास्त्राच्या आधाराने आणि सावकाशीने मांडावा लागतो. म्हणून हे पत्र लिहीत आहे.

बाबा, विश्वासणाऱ्यांची काळजी कशी घ्यायची हे मी तुमच्याकडे पाहून शिकले. रविवारी दानार्पणाची मोजणी आटोपली की नेहमीच्या बाकावर कोण दिसले नाही ते तुम्ही आठवून पाहत असा, आणि संध्याकाळी कोणताही गाजावाजा न करता त्या घरी जाऊन बसत असा. आजोबा सांगत की नेवासे तालुक्यातल्या खेड्यांमध्ये शाळामास्तरच मंडळीचा उपदेशक असे. तो दिवसा मुलांना बाराखडी शिकवी आणि रात्री कंदिलाच्या उजेडात भजन व प्रार्थना चालवी. घरोघरी फिरून स्त्रियांना शास्त्र वाचून दाखवणाऱ्या बायबल वुमन त्याच्याच जोडीने राबल्या. अमेरिकन मराठी मिशनचे काम अहमदनगरला 1831 साली सुरू झाले, पण आपल्या मंडळ्या दुष्काळांतून आणि हालअपेष्टांतून टिकल्या त्या प्रामुख्याने या साध्या माणसांमुळे, असे माझे ठाम मत आहे. पाळकांची काही वर्षांनी बदली होते. घरांची माहिती मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांकडे आणि महिला मंडळाकडेच राहते. आई, बाळंतिणीच्या घरी तू पेज घेऊन जायचीस, तेही याच कामात मोडते.

पुण्यात आमच्या मंडळीने आता भागवार गट केले आहेत. मोशेला त्याच्या सासऱ्याने सांगितले होते की सगळा भार एकट्याने वाहशील तर तूही थकशील आणि लोकही थकतील, आणि हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर व दहांवर माणसे नेमायला लावली होती. आमची मांडणी त्याच शहाणपणावर उभी आहे. प्रत्येक भागासाठी एक पंच आणि एक भगिनी नेमलेली आहे, आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसांची नावे दर महिन्याला पाळकसाहेबांपर्यंत पोहोचवली जातात.

या कामात मला सर्वांत जड गेले ते गप्प बसणे. आजाऱ्याच्या उशाशी बसून त्याच्या पापाची चर्चा करायची नाही, डॉक्टरांच्या औषधाविषयी मत द्यायचे नाही, आणि एका घरात ऐकलेले दुसऱ्या घरी ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणूनसुद्धा सांगायचे नाही. ही शेवटची गोष्ट पाळली जात नाही तिथे माणसे दार लावून घेतात, आणि त्यांना दोष देता येत नाही. अंत्यविधीला सगळी मंडळी लोटते, पण पाहुणे परतले की विधवेच्या घरी संध्याकाळ कशी जाते ते विचारायला महिनाभराने कोणीतरी जावे लागते. नोकरीसाठी नगरहून आलेली मुले खोल्या घेऊन राहतात आणि कित्येक रविवार कोणाच्याही ओळखीशिवाय मागच्या बाकावर बसून निघून जातात. त्यांना नुसते जेवायला बोलावले तरी ती मोकळी होतात.

पण बाबा, इतके करूनही ज्यांनी आयुष्यभर इतरांच्या घरी भेटी दिल्या तीच माणसे स्वतःच्या घरी भेट नको म्हणतात, असा मला वारंवार अनुभव येतो. सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या किडरमिन्स्टर गावी रिचर्ड बॅक्स्टर नावाचे पाळक होते. त्यांनी आणि त्यांच्या सहायकाने सोमवार आणि मंगळवार राखून ठेवले होते, आणि वर्षभरात आठशेहून अधिक कुटुंबांशी एकेक करून बोलण्याचा क्रम ते चालवीत. गावातली कुटुंबे ठरल्या वेळी स्वतः बॅक्स्टर यांच्याकडे येत, म्हणूनच हे शक्य होत असे. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायातही दुखणाइताने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे पुढाऱ्यांना, बोलवावे असे लिहिले आहे. पहिले पाऊल तिथे आजाऱ्याचे आहे. तुम्ही कळवलेच नाही तर नव्या पाळकांना तुमच्या गुडघ्यांचे आणि आईच्या धाप लागण्याचे कसे समजणार?

‘मी द्यायला उभा राहिलो, घ्यायला नाही’ असे तुम्ही म्हणाल. शिष्य पेत्रही प्रभू येशूला आपले पाय धुऊ देत नव्हता. तेव्हा त्याला स्पष्ट ऐकावे लागले की धुऊ दिले नाहीस तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. पुढे योहानाच्या शुभवर्तमानाच्या एकविसाव्या अध्यायात प्रभू त्याच पेत्राला मेंढरे सांभाळायला तीनदा सांगतो, आणि त्याला लागूनच म्हणतो की तू म्हातारा होशील तेव्हा हात लांब करशील आणि दुसरा कोणी तुझी कंबर बांधील. ते वचन पेत्राच्या मरणाविषयी आहे हे तुम्हीच मला शिकवले आहे आणि त्याचा अर्थ मी बदलत नाही. तरीही मेंढरे राखण्याची आज्ञा आणि दुसऱ्याच्या हाती जाण्याचे भविष्य ही दोन्ही एकाच माणसाला, एकाच संभाषणात सांगितली गेली, हे मला फार महत्त्वाचे वाटते. ज्याने कळप राखला तोही कळपातलाच असतो.

तेव्हा माझी विनंती अशी आहे की या आठवड्यात तुम्ही स्वतः पाळकसाहेबांना फोन करावा आणि घरी प्रभुभोजन देण्यासाठी त्यांना बोलवावे. त्यांच्याबरोबर एखादा तरुण पंच आला तर बाबांनी आपल्या जुन्या वहीतली घरांची माहिती त्याला समजावून द्यावी. कोणत्या घरी कोणाचे दुःख अजून ताजे आहे हे त्याला दुसरीकडे कुठे मिळणार नाही. आई, त्या दिवशी गीत तूच काढ. ‘उपासना संगीता’तली ना. वा. टिळकांची गीते तुला तोंडपाठ आहेत, तेव्हा चष्म्याची सबब मी ऐकणार नाही. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मी येत आहे. भेट त्याच दिवशी ठरली तर मलाही तुमच्याबरोबर बसता येईल, पण माझ्यासाठी ती पुढे ढकलू नका. फोन झाला की मला कळवा.

तुमची लाडकी,
ताई