पाणी उकळलं तरी नायट्रेट तसंच

संपादक साहेब, नमस्कार. आमच्या घरामागं जुनी विहीर आहे, नाग नदी तिथून दोन मिनिटांवर. उन्हाळ्यात नळाची धार बारीक झाली की अर्धी गल्ली विहिरीवरच. मागं पाणी लॅबमध्ये दिलं तर नायट्रेट (सांडपाण्यातून पाण्यात उतरणारा एक क्षार) लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या वर निघालं, अन् पाणी मात्र दिसायला एकदम काचेसारखं, वास नाही काही नाही. शेजारच्या काकू म्हणतात आम्ही उकळूनच पितो ना बापा, पण उकळल्यानं जंतू मरतात, नायट्रेट जात नाही, उलट वाफ उडून पाणी आटतं तसं ते आणखी वाढतं. फिल्टरवाले टीडीएस मीटर बुडवून दाखवतात, त्यात एकूण क्षार कळतात, नायट्रेट किती ते नाही! तान्ह्या लेकराच्या बाटलीत हे पाणी गेलं तर रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद कमी होते, सहा महिन्यांच्या आतल्याला जास्तच धोका.

शहराचं सांडपाणी पोटात घेऊन ही नदी पुढं कन्हान, वैनगंगा, पार गोसीखुर्द धरणापर्यंत जाते, मग ते इथं जमिनीत मुरत नसेल का? शिवाय घरोघरचे गळके सेप्टिक टँक आहेतच. प्रत्येक सार्वजनिक विहिरीची तपासणी उन्हाळ्याआधी करून रिपोर्ट विहिरीवरच लावा ना. आमच्या विहिरीवर मी खडूनं 'बाळाला देऊ नका' लिहिलं होतं, पहिल्याच पावसात पुसलं गेलं.

एक वाचक, नागपूर