मिठाची पुरचुंडी

आंबोली,
२० जून

प्रिय दिन्या,

सप्रेम नमस्कार. पोचल्यावर फोन करतो म्हणालो होतो, पण इथे रेंज फक्त बसस्टॉपपाशी मिळते आणि पाऊस तिथे उभं राहू देत नाही. म्हणून पत्र. शिवाय एक गोष्ट तुला फोनवर सांगायची लाज वाटली असती.

ज्याच्यासाठी आलो तो आंबोलीचा भेक, म्हणजे खरबरीत कातडीचा बेडूक, पहिल्याच रात्री दिसला. अंगावर पिवळे पट्टे, म्हणून शास्त्रीय नावात वाघ. २००९ साली त्याला नाव मिळालं, आणि आंबोलीच्या आसपासच्या सड्यांखेरीज (कातळाच्या पठारांखेरीज) तो जगात कुठे सापडत नाही. अतिसंकटग्रस्तांच्या यादीत आहे. एवढा मोठा मान, आणि अंडी कुठे घालतो? जांभ्याच्या कातळावर पावसाने भरलेल्या डबक्यात. मी पाहिलं ते परातीएवढं, चार बोटं खोल. पाणी फार तर पाच लिटर.

माझ्या पायाला दोन जळवा चिकटल्या होत्या. पुरचुंडीतलं मीठ चोळून काढल्या आणि पाय त्याच डबक्यात खळबळून धुतले. पुरचुंडीही ओली झाली होती, तीही तिथेच झटकली. मूठभर मीठ तरी गेलं असेल. घरमालक काका मागून म्हणाले, "ह्या पाण्यात मीठ कित्याक घातलंस?" तेव्हा कुठे बॅटरीच्या उजेडात तळाशी काळे ठिपके दिसले. अंडी.

रात्री झोप येईना म्हणून हिशेब केला. पाच लिटरमध्ये तीस ग्रॅम मीठ म्हणजे समुद्राच्या जवळजवळ सहाव्या हिश्श्याइतकं खारट! बेडकाच्या अंड्याला कवच नसतं रे. भोवतीची जेली पाणी शोषून फुगते, आतल्या पोकळीतही पाणी शिरतं आणि तिथे गर्भ हलतो-वाढतो. बाहेरचं पाणी खारट झालं की ती नीट फुगत नाही. प्राणवायूही त्या जेलीतूनच झिरपून आत येतो, म्हणून गढूळ पाण्यातला गाळ अंड्यांवर बसला तर आत घुसमट. पाण्याचा सामू फार उतरला, म्हणजे पाणी आम्लधर्मी झालं, तर आणखीच वाईट प्रकार: अंड्याचं आवरण विरघळवणारा पाचकरस कामच करत नाही. पिल्लू पुरतं तयार होतं आणि बाहेर न येता आतच वळकटी होऊन मरतं. नदीत असल्या चुका वाहून जातात. परातीत जातील कुठे?

सकाळी गेलो. काही अंडी पांढुरकी पडली होती, एकाभोवती कापसासारखी बुरशी. मेलेल्या अंड्यावर बुरशी धरते आणि शेजारच्यांकडे सरकते. माझ्या मिठाने झालं की आधीच बिघडलेली होती, कोण जाणे. पण मी तरी स्वतःलाच दोषी धरलं.

वाचवलं ते पावसाने. दुपारी असा कोसळला की सगळी डबकी काठोकाठ भरून वाहिली. हेच तीन दिवस उघडीप झाली असती तर पाणी आटून मीठ उलट घट्ट झालं असतं आणि कातळही तापला असता. आज बघतो तर आठ-दहा वळवळतायत. शाळेत ज्याला आपण भैकेर, म्हणजे बेडकाचं शेपटीवालं पिल्लू, म्हणायचो आणि बाटलीत भरून आणायचो, तेच. त्या बाटल्यांत आपण नळाचं पाणी घालायचो, आठवतं? क्लोरीनसकट.

तू पुढच्या शनिवारी ये. जळवांचे मोजे दोन जोड आण, एक मला. मीठ-तंबाखू काही आणू नकोस, आणि गाडी धुवायची हौस पुण्यातच फेडून ये, इथल्या डबक्यांच्या पाण्यात नको. आईंना नमस्कार.

तुझा,
बंड्या