बातमी एकदाच कानावर पडते

साखळी, गोवा

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

रेडिओच्या बातम्या करायला लागलीस, म्हणून फोनवर सांगून न संपणारं थोडं लिहून पाठवते. वर्तमानपत्र वाचणारा अडला तर ओळ पुन्हा वाचतो. रेडिओ ऐकणारी बाई भात वेळत असते, बसचा ड्रायव्हर घाटात असतो. त्यांच्या कानावर तुझं वाक्य एकदाच पडतं. वाक्य कसं लिहायचं इथपासून माइक कसा धरायचा इथपर्यंत सगळं यावरूनच ठरतं.

मराठीत क्रियापद शेवटी येतं. छापील बातमीत तीस शब्दांचं वाक्य चालून जातं, पण ऐकताना काय झालं ते कळेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. बारा-पंधरा शब्दांत वाक्य मिटव. कोण बोललं ते आधी सांग. ‘राज्यात पाण्याची टंचाई नाही, असं मंत्र्यांनी सांगितलं’ हे ऐकणाऱ्याला, मंत्र्यांचं नाव येईपर्यंत, रेडिओच ग्वाही देतोय असं वाटतं. ‘मंत्र्यांचं म्हणणं आहे, की…’ अशी सुरुवात केलीस की दावा कोणाचा याबद्दल शंका राहत नाही. आणि वाक्याच्या टोकाला एकटा ‘नाही’ ठेवू नकोस. तिथे श्वास संपत आलेला असतो, आवाज उतरतो, घरात नेमका मिक्सर सुरू होतो. ‘उद्या शाळांना सुट्टी नाही’ यातला शेवटचा शब्द गेला तर काय होईल ते तूच बघ. ‘उद्या शाळा नेहमीच्या वेळेला भरतील’ असं लिही.

एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी यांची ऐकताना सरमिसळ होते. चालण्यासारखं असेल तिथे ‘सत्तरच्या आसपास’ म्हण. मृतांची संख्या, परीक्षेचा निकाल, धरणाची पातळी यांत मात्र अंदाज चालत नाही. तिथे आकडा पुढच्या वाक्यात पुन्हा घे. कागदावर आकडे अक्षरांत लिही, घाईच्या हस्ताक्षरात १ आणि ९ सारखेच दिसतात. एका कागदावर एकच बातमी, टाचणी नको, आणि वाक्य तोडून पुढच्या पानावर नेऊ नकोस.

वाचनाचा वेग मिनिटाला साधारण ११० शब्द धर. ठळक बातम्या पुन्हा सांगणं आणि मधले श्वास मिळून दहा मिनिटांत हजार शब्द पुष्कळ झाले. तीन-चार ओळींच्या दोन बातम्या राखीव ठेव. वेळ उरला तर वाच, नाहीतर राहू दे.

आता नावं. गोव्यात बातमी वाचणाऱ्याची पारख इथेच होते, आणि मला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. प्रसिद्धिपत्रक इंग्रजीत येतं, गावांचं स्पेलिंग पोर्तुगीज वळणाचं. अक्षरं लावून क्वेपेम वाचशील, ते केपे. सांकेलिम म्हणजे आपली साखळी, कुर्चोरेम म्हणजे कुडचडे, आल्डोना म्हणजे हळदोणे, कान्साउलिम म्हणजे कासावली, चोराव म्हणजे चोडण. स्वतःच्या गावाचं नाव चुकीचं ऐकलेला माणूस पुढच्या बातमीवर विश्वास ठेवत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. वाड्यांची नावं तर कुठल्याच छापील यादीत नीट सापडत नाहीत. पंचायतीत फोन करून तिथला माणूस उच्चारतो तसं देवनागरीत उतरवून घे. देऊळवाडा एका गावात नसतो, म्हणून वाड्यासोबत गाव आणि तालुका सांगायचाच.

१९४६ मध्ये पोर्तुगीज काळात इथे एमिसोरा द गोवा हे रेडिओ केंद्र सुरू झालं. त्या राजवटीविरुद्ध १९५५ पासून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी सरहद्दीपलीकडच्या रानातून गोवामुक्तीचं गुप्त रेडिओ केंद्र चालवलं. १९ डिसेंबर १९६१ ला पोर्तुगीजांच्या शरणागतीची बातमी या दोघांनी विमानातून, ध्वनिवर्धकावर, कोकणीत आणि पोर्तुगीजमध्ये सांगितली. विमान पुढे सरकलं की वाक्यही गेलं. तेवढ्यात ज्याला कळायचं त्याला कळलं पाहिजे, हे त्यांना साधलं होतं.

बाहेर ध्वनिमुद्रणाला जाताना हेडफोन कानाला हवेतच. मीटर हलतोय म्हणजे आवाज चांगला येतोय असं नव्हे, तो वाराही असू शकतो. मिरामारच्या किनाऱ्यावरच्या वाऱ्याला स्पंजची टोपी पुरत नाही, केसाळ कव्हर लागतं. माइक तोंडापासून वीतभर आणि किंचित तिरका धर, म्हणजे प, फ, भ यांचा फटका बसत नाही. समोरच्याच्या हातात कधीही देऊ नकोस. सर्वांत मोठा आवाज मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू दे. मोबाइल दूर ठेव, त्याची गुरगुर मुद्रणात उतरते. फेरीबोटीच्या इंजिनाची घरघर लो-कटने, म्हणजे खालचे जाड सूर गाळणाऱ्या बटणाने, थोडी कमी होते, पण धक्क्यावर थांबून बोलतं करणं उत्तम. पाऊस असेल तर पत्र्याखाली मुलाखत घेऊ नकोस, कौलांचं घर शोध किंवा काचा लावून गाडीत बस. उठण्यापूर्वी त्या जागेची अर्धा मिनिट नुसती शांतता मुद्रित कर, जोडकामात ती लागतेच. एसीतून दमट हवेत आलीस की पंधरा-वीस मिनिटं माइक पिशवीतच राहू दे, नाहीतर आत दव धरतं. पिशवीत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेव आणि अधूनमधून बदल.

पावसाळ्यात वीज जाते, मोबाइलला रेंज नसते, तेव्हा कुणाकडे सेलवरचा रेडिओ तेवढा सुरू असतो. अशा वेळी ‘ऑरेंज अलर्ट’ म्हणून थांबणं पुरेसं नाही. कोणता जिल्हा, कधीपासून कधीपर्यंत, वार आणि तारीख दोन्ही सांग. यांत्रिक मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते, त्यामुळे ट्रॉलरवाल्यांना समुद्राचा इशारा ऑगस्टमध्ये सर्वांत जास्त लागतो. वाऱ्याचा वेग आला असेल तर तो वगळू नकोस. फेरी बंद असेल तर ‘काही फेऱ्या’ म्हणू नकोस, रायबंदर–चोडण की आणखी कुठली, ते सांग. आणि इशारा मागे घेतला तर ती बातमीही तेवढ्याच वरच्या जागी वाच. तिच्यासाठी होड्या थांबलेल्या असतात.

चवथीला येशील तेव्हा गावांच्या नावांची तुझी वही घेऊन ये. सत्तरी तालुक्यातली नावं आपण इथल्या लोकांना विचारून भरू.

तुझी,
आई