नशिबावर खापर कशाला?

महोदय,

बलाढ्य संघ हरला की ‘खेळात असं व्हायचंच’ म्हणून आपण मोकळे होतो. मला हे पटत नाही. २०२२च्या फुटबॉल विश्वचषकात सौदी अरेबियाने अर्जेंटिनाला २-१ असे हरवले, ते आठवा. सलग ३६ सामने अपराजित राहिलेल्या अर्जेंटिनाने दहाव्याच मिनिटाला मेस्सीच्या पेनल्टीवर आघाडी घेतली होती. पूर्वार्धात त्यांचे आणखी तीन गोल ऑफसाइड ठरले, म्हणजे पास दिला जाताना त्यांचा खेळाडू सौदीच्या बचावफळीच्या पलीकडे गेलेला असल्याने बाद झाले. हा काही योगायोग नव्हे. सौदीची बचावफळी जिवावर उदार होऊन पार पुढे येऊन उभी होती. पाऊलभर चुकती, तर चार गोल बसले असते! तरी त्यांनी डाव बदलला नाही आणि मध्यंतरानंतर दहा मिनिटांच्या आत दोन गोल ठोकले.

मला मात्र पुढचा भाग अधिक भावतो. अर्जेंटिनाचे प्रशिक्षक स्कालोनी यांनी लगेच पुढच्या सामन्यात पाच खेळाडू बदलले. वर्षानुवर्षे जिंकत आलेल्या संघाला हात लावायला छाती लागते. त्यानंतर एकही सामना न हरता अर्जेंटिनाने विश्वचषक उचलला. ‘सनसनाटी निकाल’ सर्वांच्या लक्षात आहे. ते पाच बदल कुणाला आठवतात?

– एक क्रीडाप्रेमी वाचक