आधी मानक सक्तीचे करा, अंध ग्राहकाला कोर्टात पाठवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भाचीच्या केळवणाला द्यायची साडी या वर्षी मी मोबाइलवरून घ्यायची ठरवली. रेटिनायटिस पिग्मेंटोसामुळे माझी दृष्टी हळूहळू जाऊन आता बरीच वर्षे झाली. बँकेतली नोकरी मी स्क्रीन रीडरच्या, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या आधारे पुरी केली, त्यामुळे यंत्राशी माझे वैर नाही. साडीची किंमत, कापड, धुण्याच्या सूचना हे सारे फोनने नीट वाचले. रंगापाशी आल्यावर मात्र सहा वेळा फक्त ‘बटन’ असा आवाज आला. फोटोंच्या जागी ‘आयएमजी’ आणि पुढे आकड्यांची रांग ऐकू आली. अंदाजाने एक रंग निवडून पैसे भरायला गेले, तर सवलतीची चौकट मध्येच उघडली आणि ती बंद करायची फुली फोनला सापडेना. शेवटी शेजारच्या मुलाला बोलावले. कार्डाचा क्रमांक, मागचे तीन आकडे आणि आलेला ओटीपी, सगळे त्याच्या हाती दिले. मुलगा गुणी आहे, प्रश्न त्याचा नाही. कार्डाचा तपशील घरच्यांनाही सांगू नका, असे मी काउंटरवर बसून लोकांना बजावत असे, आणि तोच तपशील मला दुसऱ्याच्या हाती द्यावा लागला, याचे मला फार वाईट वाटले. त्या फुलीला आणि त्या सहा रंगांना संगणकाच्या भाषेत नावे दिलेली असती, तर कुणालाही बोलवावे लागले नसते.

अशाच अडचणींवरून अमेरिकेत वीस वर्षे खटले चालू आहेत. तिथला अपंगांविषयीचा कायदा १९९० चा, म्हणजे ऑनलाइन दुकाने जन्माला येण्याआधीचा. त्यात लोकांसाठी खुल्या असलेल्या ‘जागां’चा उल्लेख आहे, पण संकेतस्थळ ही ‘जागा’ आहे की नाही, याविषयी कायदा गप्प आहे. अंधांच्या राष्ट्रीय महासंघाने २००६ मध्ये टार्गेट या दुकानसाखळीवर दावा लावला, तो २००८ मध्ये साठ लाख डॉलरच्या तडजोडीने मिटला. डॉमिनोजच्या संकेतस्थळावरून आणि ॲपवरून पिझ्झा मागवता येत नाही म्हणून एका अंध ग्राहकाने २०१६ मध्ये दावा केला. अपील न्यायालयाने २०१९ मध्ये त्याच्या बाजूने कौल दिला, सर्वोच्च न्यायालयाने कंपनीची याचिका ऐकायला नकार दिला, आणि तरीही तडजोड व्हायला २०२२ उजाडले. विन-डिक्सी या किराणा साखळीच्या प्रकरणात तर २०२१ च्या एप्रिलमध्ये दुसऱ्या अपील न्यायालयाने संकेतस्थळ ही ‘जागा’ नव्हेच, असे म्हटले, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो निकाल रद्दही झाला. कायदा एकच असूनही तो कसा लागू होईल, हे दावा कोणत्या प्रांतात लागला यावर ठरू लागले.

संकेतस्थळ कसे असावे याचे मानक ठरलेले नसले की काय होते, ते पुढे दिसले. न्यूयॉर्कच्या न्यायालयांत दरवर्षी असे शेकडो दावे दाखल होऊ लागले आणि त्यांतल्या कित्येकांचा मजकूर जवळजवळ सारखाच असे. तिथल्या केंद्रीय कायद्यानुसार या दाव्यांत ग्राहकाला नुकसानभरपाई मिळत नाही, वकिलाची फी मात्र मिळते. लहान दुकानदार घाबरून काही हजार डॉलर देतो आणि प्रकरण मिटवतो. संकेतस्थळ कित्येकदा तसेच राहते. या भीतीवरच काही कंपन्यांनी धंदा उभारला. एका ओळीचा कोड टाका, तुमचे संकेतस्थळ अंधांसाठी सुगम होईल, असा त्यांचा दावा. अशा एका कंपनीला खोट्या जाहिरातीबद्दल दहा लाख डॉलर भरायला लावण्याचा आदेश तिथल्या व्यापार आयोगाने २०२५ मध्ये काढला. हे सारे खटले म्हणजे नुसती खंडणी आहे, असे काही व्यापारी म्हणतात, ते मला मुळीच मान्य नाही. दार बंद असेल तर ठोठावावेच लागते. पण दार किती रुंद हवे हे आधी ठरले असते, तर ग्राहक आणि दुकानदार दोघांचाही त्रास पुष्कळ वाचला असता.

आपल्याकडची स्थिती या बाबतीत खरे तर चांगली आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ‘जागा’ या शब्दाचा घोळ नाही. त्याच्या कलम ४६ ने सरकारी आणि खासगी, दोन्ही सेवा पुरवठादारांना बांधून घेतले आहे. आयएस १७८०२ हे भारतीय मानकही तयार आहे. बटनाला नाव, चित्राला वर्णन, माउसला हात न लावता सगळी कामे करण्याची सोय, अशा गोष्टी त्यात येतात. अडचण निघाली ती सक्ती नसल्याची. या अधिनियमाखाली केलेल्या नियमांतल्या नियम १५ ने सुगम्यतेची बाब केवळ शिफारशींवर सोडली आहे, म्हणून तो मूळ कायद्याशी विसंगत ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सांगितले आणि सक्तीचे नियम करायला सरकारला तीन महिन्यांची मुदत दिली. ती मुदत केव्हाच उलटली. पुढे ३० एप्रिल २०२५ च्या निकालात त्याच न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला. तो निकाल केवायसीच्या अडचणींवरचा होता. डोळे मिचकावून दाखवा, असे ॲप सांगते तेव्हा अंध माणसाने काय करायचे, असा तो प्रश्न होता. खरेदीलाही हेच तत्त्व लागू व्हायला हवे.

दंडाचे काय? पहिल्या उल्लंघनाला फार तर दहा हजार रुपये आणि नंतरच्या प्रत्येक उल्लंघनाला पन्नास हजार ते पाच लाख, असे दिव्यांग अधिनियमाचे कलम ८९ सांगते. मोठ्या विक्री कंपनीचा हा एका तासाचा जाहिरातखर्चही नसेल. त्यापेक्षा, ज्यावर गिऱ्हाइकाला स्वतःच्या बोटांनी रंग निवडून पैसे भरता येत नाहीत, असे ॲप दुरुस्त होईपर्यंत त्याच्या मालकाने दर महिन्याला लेखी खुलासा द्यावा, अशी तरतूद अधिक उपयोगी पडेल. आणि मानकाची तपासणी करताना प्रत्यक्ष अंध माणसाला समोर बसवून एक खरेदी पूर्ण करून घ्यावी. यंत्राने दिलेले प्रमाणपत्र पुरेसे मानू नये, कारण माझ्या फोनवर अडलेली ती फुली यंत्राच्या तपासणीतूनही सुटू शकते. लहान विक्रेत्यांना मात्र मुदत आणि मार्गदर्शन द्यावे. पैठणी विणणाऱ्याने किंवा घरगुती मसाले विकणाऱ्या बचत गटाने दंडाच्या धाकाने ऑनलाइन विक्रीच बंद करावी, असे आम्हा अंध ग्राहकांनाही वाटत नाही. असे विक्रेते बहुधा तयार साचे घेऊन दुकान उघडतात. ते साचे पुरवणाऱ्या कंपन्यांवर आधी सक्ती केली, तर हजारो दुकाने एकदम सुधारतील.

साडी घरी आली तेव्हा भाचीने सांगितले की रंग राखाडी आहे. मला आमसुली हवा होता. ती तशीच नेसली, आणि परत करायचे पान उघडून पाहावे म्हटले, तर तिथेही फोन ‘बटन, बटन’ एवढेच म्हणाला.

आपली नम्र,
एक दृष्टिबाधित वाचक, पुणे