पालापाचोळा जाळू नका, प्रत्येक बागेत त्याला एक कोपरा द्या

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

फाल्गुन लागला की कोपरखैरण्याच्या रस्त्यांवर सकाळी सकाळी धूर दिसू लागतो. बदाम, पिंपळ, सोनमोहर, वर्षावृक्ष यांची पानगळ याच सुमारास होते. रस्ता झाडून झाला की पाने फुटपाथच्या कडेला लोटतात आणि कुणीतरी काडी लावते. पहाटेच्या दवाने पाला ओलसर असतो, त्यामुळे ढीग धड पेटत नाही, दुपारपर्यंत नुसता धुमसत राहतो. शाळेची मुले त्याच धुरातून रिक्षा गाठतात. हे थांबवता येते. आमच्या सेक्टरमधल्या काही रहिवाशांनी आपल्या गल्लीपुरते ते थांबवलेही आहे, म्हणून हे पत्र.

मी मूळचा जुन्नर तालुक्याच्या भातपट्ट्यातला. उभी हयात वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात गोण्या उचलण्यात गेली, आता निवृत्त आहे. मातीत वाढलेल्या माणसाला इथे एक गोष्ट फार खुपते. आपल्या या भागाला स्वतःची माती अशी जवळजवळ नाहीच. खाडीकाठच्या खारजमिनीवर आणि दलदलीवर भराव घालून इथली वस्ती उभी राहिली. जमीन इतकी सखल, की भरतीच्या वेळी पावसाचे पाणी साठवायला सिडकोला धारण तलाव बांधावे लागले. सोसायटीच्या आवारात वीतभर खणले की मुरूम आणि डबर लागते. म्हणून बाग करायची म्हटली, की आपण लाल मातीचा ट्रक मागवतो. ती माती आकाशातून पडत नाही. कुठल्या तरी डोंगराची किंवा शेताची ती वरची साल असते. आणि इथे झाडांनी वर्षभर मुरुमातून ओढून पानांत साठवलेले सत्त्व आपण सकाळी पेटवून देतो. नत्र धुरात जाते, उरलेली राख गटारात. एकीकडे दुसऱ्याची माती विकत घ्यायची आणि दुसरीकडे आपली होऊ घातलेली माती जाळायची, हे कुठल्याही शेतकऱ्याच्या पोराला पटणार नाही.

आमच्या बैठकीत एका गाववाल्यांनी विचारले, ‘तात्या, गावाला आपण राब भाजतोच की. मग इथे काय बिघडलं?’ प्रश्न रास्त होता. राब भाजतात, म्हणजे पाला, फांद्या आणि शेण पसरून जाळतात, तो भाताचे रोप टाकायच्या जागेवर, आणि त्याची राख तिथेच रोपाच्या मुळाशी राहते. इथे फुटपाथवर कुठले रोप टाकायचे आहे? शिवाय गावात धूर माळावर जातो, इथे तो पहिल्या मजल्यावरच्या खिडकीतून थेट घरात येतो. आमच्या इमारतीत दम्याची माणसे आहेत. त्यांच्या घरी फेब्रुवारी-मार्चमध्ये सकाळची खिडकी उघडत नाहीत.

जाळणाऱ्यांना दोष देऊन मात्र काही साधत नाही. आमच्या रस्त्यावर झाडलोट करणाऱ्या ताईंना मी एकदा विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘काका, ढीग तसाच ठेवला तर वारा सुटला की परत सगळा रस्ता भरतो. गाडीवाला पाला घेत नाही, म्हणतो जागा नाही. मुकादम येऊन विचारतो, झाडायला नेमून दिलेलं बीट साफ का नाही? आम्ही तो खायचा का?’ बोलताना त्यांना खोकल्याची उबळ येत होती. धूर सर्वांत जास्त त्यांच्याच छातीत जातो. पाल्याला वजन नाही, पण जागा गाडीभर लागते. चार पावलांवर तो टाकायला ठिकाण असेल तर कोण कशाला जाळेल?

ते ठिकाण आम्ही केले. बागेच्या कुंपणाजवळ चार बांबू ठोकून कोंबडीची जाळी गोल बांधली, छातीइतकी उंच. तळाला हवा खेळावी म्हणून जाड काटक्या. त्यावर वीतभर पाला, मग शेणकाल्याचा शिपका, त्यात थोडा गूळ आणि आंबट ताक. पुन्हा पाला. प्रत्येक थर पायाने तुडवायचा आणि पाणी मारायचे. नुसत्या कोरड्या पाल्यात कर्ब फार आणि नत्र कमी, म्हणून तो कुजायला वेळ लावतो. शेणाने ती उणीव भरून निघते. वरून बारदान झाकायचे. बारदान मार्केटमधल्या जुन्या सोबत्यांनी दिले, शेण गावठाणातल्या एका गोठ्यातून येते.

आठवडाभरात आत हात घातला तर चटका बसतो. ती ऊब म्हणजे जिवाणू कामाला लागल्याची खूण. ऊब ओसरली की सगळे खालीवर करायचे. मूठभर पाला दाबून पाहावा, एखाददुसरा थेंब निघाला तर ओल बरोबर. धार लागली तर वास मारतो, अगदीच कोरडा पडला तर मुंग्या लागतात. वर्षावृक्षाची बारीक पाने लवकर विरघळतात. बदामाचे पान चिवट, त्याला फार वेळ लागतो, म्हणून ते आधी पायाखाली चुरून टाकावे. छातीइतका ढीग बसत बसत गुडघ्याच्याही खाली येतो आणि हाताला काळी, भुसभुशीत, जंगलातल्या मातीसारखा वास येणारी चीज लागते. ती पहिल्यांदा चाळली तेव्हा शेजारच्या इमारतीतल्या आजी पिशवी घेऊन उभ्या होत्या, तुळशीला हवी म्हणून. बाकीचे खत आम्ही रस्त्याकडेच्या झाडांच्या आळ्यात घातले.

सर्वांत कंटाळवाणे काम म्हणजे पाल्यातून गुटख्याच्या पुड्या, स्ट्रॉ, चिप्सची पाकिटे वेचणे. ते रविवारी मुले करतात आणि आता तीच मुले मोठ्यांना टोकतात.

विरोध झाला. साप येतील, डास होतील, म्हणून काहींनी लेखी तक्रार केली. डासाला साचलेले पाणी लागते, ओल्या पाल्यात तो अंडी घालत नाही. साप येतो उंदरामागे आणि उंदीर येतो अन्नामागे. म्हणून आमच्या जाळीत पोळीभात टाकायला सक्त मनाई आहे, स्वयंपाकघरातला ओला कचरा वेगळ्या डब्यात जातो. तक्रार करणाऱ्यांना आम्ही जाळीजवळ नेऊन हे दाखवले. दोघांचे समाधान झाले. एकांचे अजून नाही, पण त्यांनी तक्रार मागे घेतली.

कायदा पाल्याच्या बाजूने आहे. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्येच बागेतला कचरा वेगळा ठेवावा, जाळू नये, असे स्पष्ट केले होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळल्यास ५ हजार रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५ हजार रुपये भरपाई ठरवून दिली. पण दंड पोटासाठी झाडू मारणाऱ्या बाईला लावून काय मिळणार? आधी जागा द्या, मग दंडाचे बोला.

म्हणून प्रशासनाकडे मागणी मोठी नाही. नवी मुंबईत सेक्टर आखतानाच बागा आणि मैदाने ठेवलेली आहेत, ही या शहराची श्रीमंती आहे. त्यातल्या प्रत्येक बागेत पाल्यासाठी एक कोपरा राखून ठेवावा आणि बाग सांभाळणाऱ्याच्या कामात तो लिहून द्यावा. सफाई कामगारांच्या बीटमध्ये सर्वांत जवळची जाळी कुठली, ते ठरवून द्यावे. पावसाळ्याआधी फांद्यांची छाटणी होते, तेव्हा फांद्या बारीक करणारे यंत्र त्या त्या सेक्टरमध्ये फिरवावे, म्हणजे तो चुराही जागीच वापरता येईल. आणि बागेच्या कामाच्या निविदेत बाहेरून लाल माती घेण्याआधी स्थानिक पाल्याचे खत घेण्याची अट घालावी. त्याने खर्चही वाचेल.

शेजारच्या सेक्टरांतल्या रहिवाशांनाही सांगणे आहे. पालिकेची वाट पाहत बसू नका, सोसायटीत बोलून आवारात एक जाळी बांधा. आता भरलेला पाला पावसाळा सरता सरता खत होईल. पानगळ अजून महिनाभर चालेल आणि पाला फुकट आहे. बारदान लागले तर आम्ही देऊ.

आपला,
एक निवृत्त माथाडी कामगार,
कोपरखैरणे, नवी मुंबई